राजम्याच्या पिशवीवरची सही

साथीसाठी सरकारने घेतलेलं ऑक्सिजनचं कोरं मशीन चौथ्यांदाही सुरू झालं नाही. नर्स नायेली वैतागून तक्रार लिहायला बसली. मशीन पुरवणाऱ्या कंपनीच्या मालकाचं नाव पावतीवरून उतरवता उतरवता ती थबकली. मग तिने खाटेवर धापा टाकणाऱ्या म्हातारीकडे पाहिलं.

"एर्मेलिंदा आजी, तुमची कंपनी आहे?"

"माझी? माझी मक्याचे तमाले विकायची टोपली आहे गं पोरी."

"मग कुठल्या कागदावर सही केली होती का?"

"पार्टीवाल्यांनी राजम्याच्या पिशव्या वाटल्या तेव्हा. अख्ख्या गल्लीने केली. मतदार कार्डाची झेरॉक्सही घेतली मेल्यांनी."

नायेलीने पावती तिच्यापुढे धरली. म्हातारीने बोट ठेवून स्वतःचं नाव सावकाश वाचलं, मान वळवली आणि मशीनला विचारलं,

"माझं आहेस होय रे? मग सुरू हो की, मेल्या!"