करंगळी

"अळूच्या कंदाला हिसका द्यायचा नाही," गावातल्या वडीलधाऱ्या आंटी पुआनानीने बजावलं, तेव्हा शर्वरी गुडघाभर चिखलात उभी होती. हवाई बेटावरचं ते जुनं अळूचं खाचर कित्येक वर्षं रानगवताखाली बुजलं होतं. आज गावकरी मिळून ते मोकळं करत होते. नवऱ्याने शर्वरीला आग्रहाने पाठवलं होतं; बाळ गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. इथे तिला कुणीच ओळखत नव्हतं.

गवत उपटायला तिने कोपरापर्यंत हात घातला. गार चिखलात काहीतरी ऊबदार तिच्या करंगळीभोवती आवळलं गेलं. मूळ असेल म्हणून तिने बोट ओढलं, तर पकड घट्ट झाली. इवली इवली बोटं तिला एकेक करून कळली.

पुआनानी लगबगीने जवळ आली. "ओढू नकोस. जन्मतःच गेलेल्या मुलाला पुरलं, तिथे आमचं पहिलं अळू उगवलं. तो आम्हा सगळ्यांचा थोरला भाऊ. ज्या आईचं मूल गेलंय, तिचंच बोट तो धरतो."

"मी काय करू?"

"झोपव त्याला."

बारशाला म्हणायचा राहून गेलेला पाळणा शर्वरीने वाकून चिखलाशी गुणगुणला. आसपासचे हात थांबले. पकड हळूहळू सैल झाली. तिने हात बाहेर काढला, तर तो कोपरापर्यंत बरबटलेला होता, करंगळी मात्र धुतल्यासारखी स्वच्छ.

"नाव काय ठेवणार होतीस?" पुआनानीने विचारलं.

"सारंग," शर्वरी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाली.

तिच्या पायांशी, चिखलातून, हुंकारासारखा एक बुडबुडा वर आला.