चार नंबरची पट्टी

"दहा मिनिटं," मोठे सर म्हणाले. "अकराव्या मिनिटाला आम्ही उठणार. ऑपरेशनं खोळंबलीयेत."

सकाळचा राउंड आटोपून सगळे डॉक्टर थेट सभेच्या खोलीत येऊन बसले होते. चहा आला होता, बिस्किटांची बशी या हातातून त्या हातात फिरत होती. फळ्याजवळ बायकांच्या वॉर्डाच्या सिस्टर उभ्या होत्या. त्या काळी सिस्टरच्या टोपीला इतकी खळ असे की टेबलावर ठेवली तर ती होडीसारखी उभी राही. स्लाइड दाखवायचं यंत्र त्यांनी मागितलं होतं. ते डॉक्टरांसाठी आहे, असं उत्तर आलं होतं.

महिन्याभरात त्यांच्या वॉर्डात तिघींचे टाके पिकले होते. त्यातली एक दगावली. ठपका आला तो वॉर्ड पुसणाऱ्या मावशींवर. त्यांना कामावरून काढल्याचा हुकूम टाइप होऊन सरांच्या पुढ्यात पडला होता. तळाशी दोन जागा कोऱ्या होत्या, एक सरांच्या सहीची आणि दुसरी मावशींच्या अंगठ्याची. मावशी बाहेर बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

सिस्टरांनी फळ्यावर एका ओळीत बारा चौकोन काढले.

"या आपल्या खाटा."

"चौकोन झकास जमलेत," भुलीचे डॉक्टर म्हणाले. "आता ठिकरी टाका, आम्ही लंगडी घालतो."

हशा पिकला. पाच, सहा आणि नऊ या चौकोनांत सिस्टरांनी फुल्या मारल्या. तिसऱ्या फुलीला खडू मोडला.

"मावशी फरशी पुसतात. टाक्यांना हात लावत नाहीत. टाक्यांना हात..."

"सिस्टर!" मोठ्या सरांनी हुकुमाचा कागद तळाशी चिमटीत धरून उचलला आणि हलवला. "ही बाई अंगठेबहाद्दर. जंतू कशाशी खातात हे तिला सात जन्मांत कळायचं नाही. आणि तिच्यासाठी तुम्ही आम्हाला शिकवायला उभ्या? वीस वर्षं मी एकेकीचे टाके स्वतः दाबून बघतोय. स्वतः!"

"हो सर. रोज एक नंबरपासून बारा नंबरपर्यंत," सिस्टर म्हणाल्या. "हात धुवायचं बेसिन बाराव्या खाटेच्या पलीकडे आहे."

रात्र रात्र जागून लिहिलेले आठ कागद सिस्टरांनी घडी करून खिशात टाकले. मग पडदे ओढून घेतले आणि दिवे मालवले.

"सिनेमा आहे वाटतं. तिकिटं काढली का रे?"

अंधारात एक छोटा निळा दिवा लागला.

"हा डोळ्यांच्या विभागातून आणलाय. बुबुळावर ओरखडा आहे का ते बघायला डोळ्यात पिवळं औषध घालतात. या दिव्यात ते हिरवं दिसतं. आज राउंडच्या आधी मी ते मलमात कालवलं आणि चार नंबरच्या बाईला विचारून तिच्या पट्टीच्या कडेला लावलं. फक्त तिच्याच. बाकी अकराजणींच्या पट्ट्यांना काही नाही."

त्यांनी दिवा आधी स्वतःच्या हातावर धरला. घड्याळाच्या पट्ट्याखाली एक हिरवी रेघ होती.

"मी हात धुतले होते," त्या म्हणाल्या. "घाईत."

मग दिवा टेबलाच्या कडेकडेने निघाला. धाकट्या डॉक्टरांची बोटं हिरवी, तशीच त्यांच्या पेनाची टोपी. पुढे एका कपाचा कान, दुसऱ्या कपाचा कान, बशीची कड. भुलीच्या डॉक्टरांच्या मिशीला, अगदी टोकाला, हिरवा ठिपका. त्यांच्या तोंडात बिस्कीट होतं. त्यांनी ते चावायचं थांबवलं. गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

"दिवे लावा!" मोठे सर ओरडले.

दिव्याचं बटण दाराशी होतं. ते दाबायला एकही हात पुढे झाला नाही.

"नऊ मिनिटं झालीत सर," सिस्टर म्हणाल्या.

निळा दिवा सरांच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. सरांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. हुकुमाचा कागद मात्र वरच राहिला होता. तळाशी, मावशींसाठी सोडलेल्या कोऱ्या जागेत, एक अंगठा आधीच उमटला होता. स्वच्छ, हिरवागार.