बत्तीस दांडे

शेषेराव पुण्यात बियरच्या नळांचे मेकॅनिक होते. तिथल्या छोट्या ब्रुअरींमध्ये ते नळ बसवायचे, आणि ब्रुअरी बंद पडली की सामान खोलायलाही त्यांनाच बोलावणं यायचं. खोलताना नळावरचा, बियर सोडायला ओढायचा लाकडी दांडा ते मालकाकडून मागून घ्यायचे. कुठला मोराचा, कुठला मक्याच्या कणसाचा, असे बत्तीस दांडे त्यांच्या लातूरच्या घरात भिंतीवर लागले होते.

ते बघत मोठ्या झालेल्या सत्यमनं, त्यांच्या मुलानं, चांगली नोकरी सोडून लातूरच्या बायपासला स्वतःची ब्रुअरी काढली.

"बाबा, तुमचे सगळे दांडे इथं लावू. लोक बघत बसतील."

"नको," शेषेराव म्हणाले.

"का?"

"घरीच बरे हायेत."

बायको तारामती त्यांच्यावर चिडली. "पोरगं एवढ्या हौसेनं मागायलंय, अन् तुमच्यानं चार लाकडं देववत न्हाईत."

प्रत्येक दांडा कुठल्या दिवशी हातात आला, हे आता शेषेरावांनी त्या दोघांना सांगून उपयोग नव्हता.

उद्घाटनाला पाहुणे जमले. सत्यमनं ज्वारीच्या कणसाचा दांडा खास कोरून घेतला होता. त्यानं वडिलांना हाताला धरून नळापाशी आणलं.

"पहिला ग्लास तुम्ही भरा, बाबा."

सगळ्यांनी मोबाइल वर धरले.



शेषेरावांनी दांडा हातात घेतला, आणि ओढायच्या आधीच त्यांची बोटं तो कुठून खोलावा लागेल, ते चाचपू लागली.