मॉडेल कुठे चुकलं

चक्रीवादळानंतर सांडपाण्याच्या तळ्यातलं विषारी पाणी पुराबरोबर समुद्रात कुठवर पसरलं, हे तिचं मॉडेल दाखवत होतं. पडद्यावर अख्खा किनारा लाल झाला होता. समुद्रातून आणलेले नमुने मात्र स्वच्छ निघत होते.

"तुझ्या मॉडेलचं डोकं फिरलंय," नवे साहेब वैतागले. "लोकांना पाण्यात उतरू द्यायचं की नाही?"

तिने मॉडेलमध्ये तळ्याचं पाणी अडवणारा दरवाजा बंद करून पाहिला. लाल रंग ओसरला. आकडे नमुन्यांशी तंतोतंत जुळले.

"पण भर पुरात तो दरवाजा हाताने लावणार कोण?" साहेब म्हणाले. " तिथला रखवालदार तर वादळ सुटताच पळाला. अजून तोंड दाखवलं नाही बेट्याने."

ती बाहेर आली आणि तिने घरी फोन लावला.

"आई, आता वाट बघू नकोस. बाबा पळाले नव्हते."