स्वतःच्या विहिरीवर

जळालेल्या मोटरीतली काळी तार ओढून काढता काढता रंगराव मिस्त्रींनी शिराळकरांकडे स्टूल सरकवलं. विहिरीवर कुठली मोटर बसवायची, हे अख्खा तालुका मिस्त्रींना विचारायचा.

"या भागात माझ्या कारखान्याच्या चाळीस मोटरी आहेत," शिराळकर म्हणाले. "अकरा वर्षांत एकही तुमच्याकडे नव्यानं तार भरायला आली नाही. तरी तुम्ही लोकांना सांगता, ती घेऊ नका. तिच्यात काय खोट आहे, तेवढं सांगा. मी सुधारतो."

मिस्त्रींनी बोटं फडक्याला पुसली.

"जळत नाही, हीच खोट. सगळ्यांनी तुमचीच घेतली तर मी काय भरत बसू, साहेब?"

शिराळकर उठले, तसे मिस्त्री म्हणाले, "आता जेवणाची वेळ झालीय. असं नाही जायचं." आणि आग्रहानं त्यांना मळ्यात घेऊन गेले.

भाकरी खाऊन शिराळकर हात धुवायला विहिरीकडे गेले. उसाला पाणी चालू होतं. काठावरच्या मोटरीवर त्यांच्याच कारखान्याचं नाव होतं.

"दहा वर्षं झाली, अजून उघडावी लागली नाही," मिस्त्री कौतुकानं म्हणाले. "स्वतःच्या विहिरीवर दुसरी कुठली बसवणार?"

शिराळकरांनी ओले हात झटकले.

"कारखाना बंद करताय असं कानावर आलं," मिस्त्रींनी टॉवेल पुढे केला. "त्याआधी दोन मोटरी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा. दोन्ही पोरांच्या वाटण्या व्हायच्यात. पुढं असला माल मिळायचा नाही."