दाराशी सात दिवस

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात गॅरेजच्या वाटणीवरून भांडताना सुच्चासिंगनं गिऱ्हाइकांसमोर थोरल्या भावाची पगडी पाडली. थोरला बारामतीच्या कोर्टात गेला नाही, गुरुद्वाऱ्यात गेला. तिथल्या पाच पंचांनी दोघांचं ऐकून निवाडा दिला: सुच्चानं सात दिवस दाराशी बसून येणाऱ्यांचे जोडे पुसायचे. सहा दिवस त्यानं मुकाट्यानं पुसले. माफी मात्र तोंडातून निघेना. थोरलाही तिकडं फिरकला नाही. सातव्या दिवशी दुपारी तो आला. सुच्चानं मान खाली घालून फडकं झटकलं आणि ओळखीच्या जोड्यांची वाट पाहिली. समोर नुसते पाय थांबले, तापल्या डांबरानं काळे झालेले. “पाजी, जोडे कुठं हायत?” सुच्चानं थोरल्या भावाला घरच्या पंजाबी हाकेनं विचारलं. “घरी. तुझ्या हातानं पुसून घ्यायचं मन हुईना.” सुच्चानं फडकं भिजवून त्याचा पाय मांडीवर घेतला. “आरं, पंचांनी जोडे सांगितलेत, पाय न्हाय.” “हे पंचांनी सांगितलेलं न्हाय, पाजी.”