मामीचं नाव

स्त्रीवादी संशोधनपद्धतीच्या तासाला मॅडमनी काम दिलं होतं. ऑनलाइन विश्वकोशातल्या एखाद्या लेखातून राहून गेलेल्या बाईचं नाव पुराव्यासह घालायचं. एका विद्यार्थिनीने आपल्या मामांवरचा लेख निवडला. मामा नावाजलेले पक्षितज्ज्ञ, पण त्यांच्या पुस्तकांतला एकेक पक्षी मामीने रंगवलेला. पहिल्या आवृत्तीत तसं छापलेलंही होतं, पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ गळली. भाचीने संदर्भासकट मामीचं नाव लेखात घातलं आणि हौसेने तिला दाखवायला गेली. मामीने चष्मा पुसून पुन्हा पुन्हा वाचलं, पडद्यावर हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, "छान झालंय गं. पण काढून टाक. ह्यांना वाटेल, मीच लिहायला लावलं. या वयात जिवाला लावून घेतील." भाचीने परोपरीने समजावलं, मामी ऐकेना. मॅडमना विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "जिच्यासाठी लिहितेस, तिचं ऐकायला नको का?" तिने जड मनाने नाव काढलं. काही दिवसांतच मामी झोपेत गेली. भेटायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्याने मामांना पुढच्या पुस्तकाविषयी विचारलं. "आता कसलं पुस्तक? चित्रं सगळी हीच काढायची," मामा म्हणाले. तो चकित झाला. "सर, कधी बोलला नाहीत!" "कुणी विचारलंच नाही रे," म्हणत मामा ओक्साबोक्शी रडू लागले. भाची आतल्या खोलीत गेली. लेख उघडून तिने मामीचं नाव परत घातलं आणि कंसात जन्मसालापुढे मृत्यूचं सालही लिहिलं.